सोबत कोण?

तापकीरकाका, कागद नंतर वाचा, आधी ऐका.
आजपासून पेरू बंद,
बिया दुर्बिणीसमोर येऊन बसतात.
बुधवारी दुपारनंतर भाकरी नाही, डाळ नाही.
सहाला पहिली पुडी, पाण्यात.
चव नासलेल्या लिंबू सरबताची, खोटं कशाला सांगू,
आणि मग घराबाहेर पडायचं नाही,
रास्ता पेठेतल्या रास्ता पेठेतसुद्धा.

ते हसले. खडकीच्या कारखान्यात
तीस वर्षं दारूगोळा मोजलेला माणूस,
सूचना बोटांवर घेतो.

आता तुम्ही मला सांगा, मी म्हटलं.
सगळ्यांनाच म्हणते.
मान डोलावली म्हणजे कळलं असं नसतं.

त्यांनी सांगितलं. पुड्या, वेळा, पेरू,
रक्त पातळ करायच्या गोळीचं डॉक्टरांना विचारायचं,
कवळी डबीत काढून ठेवायची, तेही.
एकच ओळ गाळली.

मी तिच्यावर बोट ठेवलं.
"रिक्षा सांगून ठेवलीय."
काका, गुंगीतल्या माणसाला
रिक्षाच्या ताब्यात देत नाही आम्ही.

बाहेर टोकन बेचाळीस. त्रेचाळीस.
त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली.
"हिच्या वेळी मीच असायचो की, सोबत."

गुरुवारी साडेसातला आले,
पोट रिकामं, तोंड उतरलेलं.
मागे खाकी शर्टात तांबोळी रिक्षावाला,
फॉर्मवर 'नातं' या शब्दापाशी अडलेला.
काय लिहू, असं विचारलं नाही त्यानं.
एवढंच म्हणाला,
"मीटर बंद करून आलोय, सिस्टर."

मी पेन दिलं.