तीन तुकडे

विश्रामबागेत रिक्षा सोडली, उगाच.
तांबोळींचं सँडविचचं दुकान
टायरवाल्याच्या मागं सरकलंय.
पत्र्यावर पुराची रेघ, माझ्या छातीएवढी.

तोच लांब दांड्याचा काळा टोस्टर,
कडेनं लोणी अजून तसंच गळतं.

बाबालाल नाहीत. सून विचारते,
"चटणी तिखट चालंल?"
चालंल म्हणतो. डॉक्टर पुण्यात आहे.

ती मधोमध सुरी धरते.
मी म्हणतो, तीन करा.
एकात तिघं भागवायचो आम्ही.
मधला, बिनकडेचा,
गोंड्याचा. पैसे त्याचे असायचे.

ती माझ्या मागं बघते,
बाकीचे दोघं कुठायत म्हणून.
तरी तीन करते.

कडेचे दोन मी खाल्ले.
मधला कागदात आहे.
निवतोय.