अनुभवाचा रकाना

फॉर्मवर दोन बोटं रुंद एक रकाना होता : अनुभव.
माझ्या आधीच्या पोरानं तो भरून
वर पुरवणी कागद टाचला होता.
मी लिहिलं,
उन्हाळी शिबिर, अंबाजोगाई. एकवीस दिवस.
एवढंच. शाई सुकेपर्यंत बघत बसले.

लातूरचा मोठा दवाखाना. काचेची केबिन.
डोक्यावर पंखा, तरी साहेबांच्या कपाळावर घाम.
"शिबिर म्हणजे? लेकरं खेळवायची?"
"हाव सर, खेळवायचीच."

बाकीचं कुठं सांगत बसू.

साडेसहाला शाळेचं कुलूप मी काढायचे,
कारण शिपाई गोवर्धनमामा बँडात ट्रंपेट वाजवायचे
आणि मे महिन्यात त्यांच्या एकवीस तारखा
आमच्या आधी दुसऱ्यांनीच धरलेल्या.
माठ चार. टँकर नाही आला तर
गल्लीत कुणाची मोटर चालू आहे
ते कान देऊन ओळखायचं
आणि त्याच घरी जाऊन आधी
त्यांच्या सुनेच्या रांगोळीचं कौतुक करायचं.
अकराच्या आत पोरं सावलीला.
अकरानंतर आमच्या इकडं ऊन कुणाचं ऐकत नाही.

मानधन अडीच हजार.
दोनशे दहा स्केचपेनांत गेले.
कुणी विचारलं नाही, पण वहीत लिहून ठेवलेत.

पहिल्या दिवशी माझा आवाज
तिसऱ्या रांगेतच मटकन खाली बसला.
लोमटे मॅडम म्हणाल्या, "वरडू नको.
मागच्या भिंतीशी बोल."
तेव्हापासून मी भिंतीशीच बोलते.
मधली माणसं आपोआप ऐकतात.

शहेबाज नऊ दिवस बोलला नाही.
मीही विचारलं नाही, नुसती शेजारी बसून
कागदाच्या होड्या करत राहिले,
जिथं नदीलाच पाणी नव्हतं तिथं.
दहाव्या दिवशी म्हणाला,
"ताई, तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय."
हे बक्षीस कुठल्या रकान्यात लिहू?

कुणाचा तरी गुडघा फुटला, वडील गेटावरूनच
आवाज चढवत आले. मी म्हणाले,
"चूक माझी."
जन्मात पहिल्यांदा त्याच्यापुढं "पण" लावला नाही.
ते गडी जागेवरच थांबले,
मग पाणी मागितलं.

आणि हत्तीखाना.
नेली तेव्हा एक्केचाळीस, मोजली तेव्हा चाळीस.
परत मोजली. चाळीस.
माझ्या पोटात तेव्हा जे झालं
त्याला मराठीत शब्द असेल, मला नको आहे.
प्रांजल सापडली दगडी हत्तीच्या पायाशी,
त्याच्या तुटक्या सोंडेजवळ चिवडा ठेवून सांगत होती,
"खा की, कुणी बघंना."
मी रागावले नाही. मागं जाऊन
लेण्याच्या खांबाला डोकं टेकलं,
मग पुढं येऊन गाणं म्हणायला लावलं सगळ्यांना.

तेव्हापासून मी मोजते.
एसटीत, पंगतीत, मयतीला सुद्धा.
घरचे म्हणतात, "काय पुटपुटलालीस?"

साहेब फॉर्म बाजूला सारत म्हणाले,
"सोमवारी इथं दोनशे पेशंट असतात.
गर्दी झेपंल?"

"सर, बाहेर सव्वीस जण आहेत.
मी आत आले तेव्हा सत्तावीस होते.
निळ्या लुगड्यातल्या मावशी उठून गेल्या,
पिशवी खुर्चीवरच राहिलीय."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.
माझ्याकडं नाही, काचेबाहेर.
ओठ हलले त्यांचे.
बावीस, तेवीस...

"फोन करू," म्हणाले.
असं सगळ्यांनाच म्हणत असतील.

मी बाहेर आले. पिशवी होती तिथंच.
आत एक्स-रेचं पाकीट, दोन केळी.
दुपारची दोनची गाडी होती माझी.
पिशवीशेजारच्या खुर्चीवर बसले,
मावशी येईपर्यंत.