घोषित आणि आढळलेले

नमुना क्रमांक सतरा.
बाटली हिरवी, सील शाबूत, लेबलावरचं बोंड इतकं पांढरं
की वेचायला हात पुढे व्हावा.
अ‍ॅसिटामिप्रिड, लिटरला पन्नास ग्रॅम.
असं म्हणणं आहे बाटलीचं.

बोबो-द्यूलासोत या दिवसांत हरमातानची धूळ
बंद खिडकीतूनही आत येते.
मी काट्याचं दार लावते, श्वास धरते.
चौथा दशांश थरथरायचा थांबेपर्यंत
कुणी मला हाक मारू नये.

मग मेथनॉल. हलवणं. गाळणं.
आणि वीस मायक्रोलिटर,
मुंगीचा घसाही ओला होणार नाही इतके,
सुईतून स्तंभात.

साडेचार मिनिटांनी शिखर उठायला हवं.
प्रमाण द्रावणाचं सकाळी उठलं, पाच वेळा,
पाचही वेळा त्याच जागी.
सोळा नंबरचंही उठलं,
ज्याच्या लेबलावर ‘कीटकनाशक’सुद्धा धड लिहिलेलं नाही,
ज्याला आम्ही सगळेच हसलो होतो:
एकोणपन्नास दशांश दोन.

सतरा उठत नाही.
साडेचार. पाच. सात.
पडद्यावर रेघ चालत राहते,
चढ नाही, उतार नाही, ठेचही नाही.

पुन्हा टोचते. पुन्हा.
दाब बघते, दिवा बघते, गळती बघते,
यंत्राचाच काही दोष निघावा म्हणून
आज जरा जास्तच बघते.

कारण बुडाशी किमतीची चिठ्ठी राहून गेली आहे,
आणि सातच्या पोटात अशी लांब आडवी रेघ
या गावात एकच माणूस ओढतो.

सिबिरीमामा.
बाजरी मोजताना मापावर शीग आली
तरी वर एक मूठ टाकणारा.
“मूठ माझी नाही, मापाची आहे,” म्हणायचा.
त्याने ही खोकी ट्रकवाल्याकडून घेतली असतील,
सील बघून, बोंड बघून.
असतील. मला माहीत नाही.

तक्त्यात रकाने तीन:
घोषित, आढळलेले, फरक.
कुणाला ठाऊक होतं, याला रकाना नाही.

मी यंत्र चाळीस मिनिटं चालू ठेवलं.
एखादं रेणू उशिरा निघतं कधी कधी.
निघालं नाही.

‘आढळले नाही’ लिहिलं. सही केली: कादिदिया मिलोगो.
स्तंभ धुवायला लावला.

फोन वाजला तेव्हा हातमोजे अजून हातातच होते.
“जेवलीस का गं?” मामा विचारत होता.
मागे कुणीतरी माप आपटून सपाट करत होतं,
आणि तो त्याला रागावत होता.