हाडाने ऐकणं

शुक्रवारी पहाटेची अजान संपली
की सोहारमधल्या आमच्या गल्लीत पहिला वाजतो तो जॅक.
परकार चार विटा घेऊन येतो. जॅकवर त्याचा भरवसा नाही,
दाभोळात भाच्याचा पाय असाच गेला होता.
तुस्कानो आणतो पाव आणि कालच्या मटणाचा डबा.
मी आणतो चष्मे. तीन.
एक लांबचा, एक जवळचा, आणि एक
कुणीतरी विसरून गेलेला, जो तिघांनाही चालतो.

गाडी शहाऐंशीची क्रेसिडा, खलफानच्या वडिलांची.
भंगारवाला पन्नास रियाल देत होता.
खलफान म्हणाला, तुम्ही घ्या, पैसे नकोत,
चालू झाली की हाक मारा फक्त.
त्याला आता दोन वर्षं होतील.

फीलर गेजच्या पत्तीवरचा आकडा
कोणत्याच चष्म्यातून दिसत नाही.
मग समोरच्या मलबारी दुकानातला पोऱ्या येतो,
"पॉइंट टू" एवढंच वाचतो आणि जातो.
दहा नंबरचा पाना हरवलेला असतो.
बाराचे दोन आहेत, चौदाचे तीन आहेत,
दहाचे आजवर अकरा विकत घेतले.
तुस्कानोचं ठाम मत आहे, इंजिन खातं.

आज कार्ब्युरेटर धुऊन बसवला,
गॅस्केट कापलं बिस्किटांच्या खोक्यातून.
किल्ली फिरवली. खोकली.
पुन्हा खोकली.
मग लागली,
आणि आम्ही तिघं हात पुसत गप्प उभे,
मुलगी बघायला आलेल्यांसारखे.

"टिकटिक आहे," परकार म्हणाला.
"कुठे? काही नाही," तुस्कानो म्हणाला.
आणि दोघं बघायला लागले माझ्याकडे.
माझ्याकडे! ज्याचे कान सव्वीस वर्षांत
कॉम्प्रेसर हाऊसने खाल्ले,
ज्याला फोनवर नातू बोलतो
तेव्हा नुसता पंखा ऐकू येतो.

कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक व्हॉल्व्ह कव्हरवर,
मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.

एक, तीन, चार नीट पाय उचलत होते.
दोन नंबर चप्पल फरपटत चालला होता.

"दोन नंबर! एक्झॉस्ट!"
फारच मोठ्याने म्हणालो असणार,
कारण पलीकडच्या आवारातल्या बकऱ्यांनी माना वर केल्या.

परकार तोवर नळाशी बसला होता.
जुम्म्याची वेळ होत आलेली,
आणि वुजूला नखांत ग्रीस चालत नाही.
तळव्यावर साखर, साखरेवर भांड्यांचा साबण,
मग जुन्या ब्रशने एकेक नख,
सोनार घासेल तसं.

खलफान फाटकातच उभा होता. कधीपासून, कोण जाणे.
पांढरीशुभ्र दिशदाशा, डोक्यावर टोपी, हातात चपला.
हाक आम्ही मारलीच नव्हती.
आत आला, मागचं दार उघडलं,
पुढे नाही, मागेच बसला, डाव्या खिडकीशी.
मी बोटाने दोन नंबर दाखवला, पाना दाखवला,
खूण केली: दहा मिनिटांचं काम.
त्याने मान हलवली.
काय म्हणाला ते मला तुस्कानोने नंतर सांगितलं:
"ये आवाज मत निकालो. बाबा के टाइम का है."

मग तो आणि परकार मशिदीकडे गेले.
आम्ही बोनेट लावलं. पाने मोजले.
दहाचा नव्हता.

घरी आलो तर वृंदा म्हणाली (ओठांवरून कळलं),
नळ मी केला दुरुस्त.
तीन महिने फ्रिजवरच्या यादीत पहिला असलेला नळ!
टेफ्लॉन टेप, वीस मिनिटं, यूट्यूब.
विश्वास बसेना. म्हणून बाथरूममध्ये जाऊन
स्क्रूड्रायव्हर पाइपला टेकवला, मूठ हाडाला.

वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन.
गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी.
दूर कुठेतरी मोटर.
ठिबकणं कुठेच नाही.
जरा वेळ तसाच शोधत राहिलो.

तेवढ्यात पाइपातून दोन ठोके आले, ठण ठण,
स्वयंपाकघरातून, पळीचे.
जेवायला.