उग्नेसाठी, रात्रपाळीआधी

उग्ने, चाव्या डाव्या खणात आहेत.
कपाटावरचा मग माझा, तो एवढ्यात धुऊ नकोस.

यंत्राला 'तयार' म्हणायची फार घाई असते.
पडद्यावर हिरवं दिसलं म्हणून भुलायचं नाही,
आधी कागदाला हात लावायचा.
नेमुनस नदीवरचा गारठा
रिमच्या पोटात दडून बसलेला असतो.
गोदामातून आणला आणि लगेच ट्रेमध्ये कोंबला, असं नको;
रात्रभर यंत्राशेजारी टेकू दे त्याला.
नाहीतर चौदाशेव्या पानाला तो रुसतो,
आणि रुसलेला कागद फ्यूजरच्या तोंडातून
चिमट्यानं काढावा लागतो, कपटा कपटा.

वीजबिलं साठ हजार, दर महिन्याच्या तीन तारखेला.
पहिला मान त्यांचा, त्यात वाद नाही.
वीस-वीस हजारांचे तुकडे कर,
म्हणजे काही बिघडलं तर सगळंच आभाळ अंगावर येत नाही.
मग आकडे जुळव: आलेले, छापलेले, बाद झालेले.
एक जरी कमी भरला तरी घरी जायचं नाही.
तो एक म्हणजे कुठल्यातरी जिन्यावरचं
कुणाचंतरी दार असतं.

नावं वाचू नकोस.
मी सुरुवातीला वाचायचे.
एकदा माझ्या पहिल्या नवऱ्याचं बिल हाती आलं.
ऐन जानेवारीत इतकी कमी वीज!
दोन दिवस घास उतरला नाही.

जॉब बदलला की दहा पानं वाया जातातच,
रंग स्थिरावायला तेवढी लागतात.
राइमोन्दास हिशोब मागेल.
सांग, दाइवानं सांगितलंय.

आता रांगेच्या तळाशी बघ.
'मधमाश्या_शेवटचं_११'. होल्डवर.
अठ्ठेचाळीस पानं, बारा प्रती,
साडेतीन वर्षं.
कुणी कितीही साफसफाई काढली तरी हे पुसायचं नाही.

झेनोनास नावाचे एक म्हातारे
शेवटच्या गुरुवारी बसनं येतात.
एक प्रूफ मागतात, उभ्याउभ्या वाचतात,
पेन्सिलीनं एखादा शब्द खोडतात,
सुटे पैसे मोजून ठेवतात आणि जातात.
एकदा यंत्राच्या पत्र्याला कान लावून
बराच वेळ थांबले.
म्हणाले, "वसाहत निरोगी आहे. राणी कुठं बसते?"
मी माझ्याकडे बोट केलं.
हसले नाहीत. टोपी काढली.

आपल्याकडे जनावर मरतं त्याचं क्रियापद वेगळं,
माणूस मरतो त्याचं वेगळं,
आणि मधमाशीला माणसाचंच लावतात.
त्यांनी एकतिसाव्या पानावर जनावराचं लावलं होतं.
ज्या हिवाळ्यात सगळ्या पेट्या गेल्या,
त्या हिवाळ्यात लिहिलेलं पान ते, रागानं.
तेवढा एक शब्द बदलायला
त्यांना सात गुरुवार लागले.
खोडायचे, पुन्हा तोच लिहायचे,
आणि माझ्याकडे बघायचे,
जणू मी काही बोलेन.

परवा फोन आला.
"छापा," एवढंच.
मी बरं म्हटलं.
बटणावर बोट ठेवलं,
आणि उचललं.
बावीस वर्षांत किती लाख पानं सोडली असतील मी,
हात असा कधी अडला नव्हता.
चार मिनिटांचं काम.
त्यानंतर गुरुवारी फक्त बस येईल.

म्हणून ते तुझ्यावर टाकून जातेय.
भित्री म्हण हवं तर.
बिलं संपली की त्याला वर घे.
ट्रे चार, पिवळसर कागद;
मी सोमवारीच फोडून ठेवलाय,
एव्हाना खोलीला सरावला असेल.
एकतिसावं पान एकदा उजेडात धरून बघ.

आणि बारा नको, तेरा काढ.
तेरावी माझ्या खणात ठेव.
पैसे मगमध्ये आहेत.