चार मिलिमीटर डावीकडे

सगुण दिवकर, वय एकाहत्तर,
पूर्वीचे बार्जवरचे तांडेल,
रोज सव्वानऊला बांबोळीच्या तळमजल्यावर येतात,
अर्धा लिटर पाणी पिऊन, मांड्या आवळून.
मूत्राशय भरलेलं हवं, तेही रोज सारखंच,
नाहीतर आतली ती अक्रोडाएवढी ग्रंथी सरकते
आणि किरण दुसऱ्याच कुणाच्या दारात जातात.

उजव्या खुब्यात त्यांच्या धातूचा सांधा आहे.
आमोण्याच्या धक्क्यावर, ओल्या फळीवरून
घसरले होते खनिजाच्या ढिगात.
"कंपनीनं दिलेली एवढीच वस्तू," म्हणतात,
"अजून गंजली नाही."

स्कॅनमध्ये तो सांधा पेटतो.
पांढरे फराटे सुटतात, मध्ये काळे पट्टे,
माध्यान्हीला आग्वादच्या पाण्याकडे बघावं तसं
डोळे बारीक करून बघते मी.

म्हणून आत सोन्याचे तीन कण सोडलेत,
तांदळाच्या कणीएवढे.
"किती कॅरेट?" सत्यवतीबाईंनी विचारलं होतं.
चोवीस, मी म्हटलं.
त्यांनी आपल्या मोकळ्या मनगटावर पदर ओढला.

सरळ आडवा फोटो घेतला
तर धातूआड तिन्ही कण गुडुप.
मग यंत्राचा हात तिरका न्यायचा,
आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.
हे शिकायला मला तीन वर्षं आणि एक कर्ज लागलं.
तांडेल टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले,
"मोठ्या जहाजामागं होडी दडली
तर जहाजावर रागावून काय फायदा?
आपण जागा बदलायची."

रोज इंटरकॉमवर तोच प्रश्न:
"बाय, आयज खंय पावलो तो?"
तो म्हणजे तो. नाव ते घेत नाहीत.
चार मिलिमीटर डावीकडे, मी सांगते.
"भरती," ते म्हणतात.
टेबल सरकतं, मुंगीच्या पावलानं.

अकराव्या दिवशी दोनच कण दिसले.
मी पुन्हा मोजले. दोन मोजायला किती वेळ लागतो?
फिजिसिस्ट खाली आला, डॉक्टरांना फोन गेला,
जुने फोटो नव्यांवर ठेवून झाले.
तिसरा बहुधा लघवीतून निघून गेलेला.
तोवर तांडेलांना धरवेना,
ते धावले, आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी.
"गेलं मांडवीत," परत येताना हसले,
"थंय बुडिल्लें भांगर कोण मेजता?"

मी हसले नाही. मला विचारायचं होतं
दोनांवर भागेल का,
पण ते विचारायची जागा मीच होते.
त्यांनी ते चेहऱ्यावर वाचलं असावं.
"दोन खुणा पुरतात," म्हणाले.
"खालचा दिवा, वरचा दिवा.
एकावर एक आले की तू चॅनलात.
सुटले की समज, वाळू जवळ आली."

भागलं. दोन कण आणि खुब्याची कड धरून
उरलेले नऊ दिवस निभावले.
शेवटच्या दिवशी त्यांनी पडद्यावरचा फोटो मागितला,
देता येत नाही, मी म्हटलं.
मग नुसतेच उभे राहून बघत राहिले:
सगळा झगमगाट सांध्याचा,
आणि त्याच्या बाजूला दोन ठिपके.
"हांव इतलोच?" म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले.

तो आटला की नाही
ते पुढे रक्त सांगेल, महिन्यांनी.

संध्याकाळी कुठ्ठाळीला घरी जाताना
झुआरीच्या पुलावर स्कूटर हळू केली.
खाली रिकामे बार्ज, नांगरलेले.
दूर एक दिवा दुसऱ्याच्या अगदी वर आला होता.
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.