खळं

सकाळी साडेनऊला इन्क्युबेटर उघडते.
रात्री तीनदा लाइट गेली,
तरी आतली ऊब टिकून आहे
खुडूक कोंबडीच्या पोटाखाली असते तशी.
प्लेट बाहेर काढते.
खाट नऊ. वंदिता पेंदोर. वय बावीस.
सिझरचे टाके, पाचव्या दिवशी उसवलेले.

फिक्या आगरवर सायीसारखा थर,
त्यावर कागदाच्या आठ टिकल्या,
प्रत्येकीत वेगळं औषध.

बापाला एकदा फोनवर समजावलं होतं,
टिकलीभोवती जागा साफ झाली तर औषध लागू,
नाही झाली तर नाही.
तो म्हणाला, "म्हंजे खयंच न व!
मधात तिवडा, भवताल सारवलेलं."
मग जरा थांबून, "चंद्रालेबी पडते.
दूर खयं, त जवळ पानी."
तेव्हापासून रजिस्टरात मी झोन लिहिते
आणि मनात खळं म्हणते.

आज आठ तिवडे. खळं एकही नाही.
थर टिकल्यांच्या कडेला जाऊन भिडलाय,
फवारणीनंतर बांधावर गाजरगवत
पुन्हा उभं राहतं तसा,
जरा जास्तच हिरवा.

वंदिता आली तेव्हा तिला हे नव्हतं.
असं लिहायला फॉर्मवर रकाना नाही.
सहा नंबरला एक म्हातारा होता, मांगुळकर.
गावातल्या डॉक्टरची सुई, मेडिकलच्या सुट्या गोळ्या,
बरं वाटलं की बंद, उरलेल्या डब्यात,
डब्यातल्या पुढच्या तापाला नातवाला.
आमच्याकडे तो बरा झाला.
जाताना ताटली नेली, चादर नेली,
पुडीत उरलेला चिवडासुद्धा नेला.
एवढं एक ठेवून गेला.

सहा ते नऊ, सतरा पावलं.
जंतूला पाय नसतात.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, सगळीकडचे स्वॅब घ्या.
नळाची तोटी घेतली, ट्रॉलीचा दांडा,
बीपीचा पट्टा, खाटेच्या सळ्या,
वंदिताच्या सासूचा मोबाइल,
दचकून तिनं तो आधी पदरानं पुसला.
काही उगवलं, काही नाही, जे उगवलं ते दुसरंच.
शेवटी एक काडी उरली होती म्हणून
बेसिनशेजारच्या रजिस्टरचा पेन पुसला.
सलाइनच्या नळीनं बांधलेला, चोरीला जाऊ नये म्हणून.
रजिस्टरचं नाव: हात धुतल्याची नोंद.
वेळ, नाव, सही.
सगळे धुतात. सगळे सही करतात.
मग खाटेकडे वळतात.

पेनाची प्लेट आणि वंदिताची प्लेट
मी खिडकीपाशी शेजारी शेजारी धरल्या.
सिस्टर ठमकेंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत.
स्वतःचे हात उलटे करून बघत राहिल्या,
जणू दुसऱ्या कुणाचे कुणी परत आणून दिलेत.
अकरा वर्षं त्यांनी एकही सही चुकवलेली नाही.

दुपारी यवतमाळहून नवव्या टिकलीची बाटली आली,
थर्मासमध्ये, दारव्हा गाडीच्या कंडक्टरच्या मांडीवर.
रात्रभर ठेवली.
वंदिता विचारत होती,
"ताई, मले ताप हाय त पोराले दूध पाजू का?"
मी म्हटलं डॉक्टरांना विचारते,
आणि विचारलं, आणि त्यांनी हो म्हटलं.
त्या दिवसात सरळ उत्तर मिळालेला
तो एकच प्रश्न.

आता सकाळ आहे पुन्हा.
नवव्या टिकलीभोवती काहीतरी आहे.
पट्टी लावते. अकरा मिलिमीटर.
दिव्याखाली धरून परत लावते. अकरा.
पुस्तक पंधरा मागतं.
खळ्यासारखं दिसतं, पण खळं म्हणवत नाही.
कड धूसर आहे, कडेला दोन ठिपके आत शिरलेले.

बापाला विचारलं असतं तर म्हणाला असता,
एवढ्याशा खळ्यात बैल कसे फिरतील?

घरून आणलेला पेन काढते,
अकरा लिहिते. बारा नाही.
खाली सही.
मग कोपरानं तोटी उघडून
हात धुते, मनगटापासून, नखांच्या आतपर्यंत,
आणि कुठेच नोंद करत नाही.